रिकाम्या दालनातली चाल

४ मार्च
लागलो बुवा एकदाचा कामाला! कॉलेज अर्ध्यात सोडणाऱ्याला अशी झकास नोकरी मिळेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. आईला तर नाहीच. काम वायरलेस लहरींचं. बिनखिडक्यांचं लांबलचक दालन, भिंतींना काळा फोम, मध्ये रुळांवर रिसीव्हरची गाडी. माझ्या टेबलाजवळच्या अँटेनातून ठरलेली खूण सोडायची. ती कशी पोचायला हवी हे आपल्याला ठाऊक असतं. पोचते मात्र वाकडीतिकडी. गाडी जवळ आली की लहरी आवळतात, लांब गेली की सैलावतात. त्या फरकावरून वाटेत काय हललं याचा अंदाज बांधायचा. साहेबांना सगळे मास्तर म्हणतात. ते म्हणाले, दोन खुणांमधली जागा आपणच अंदाजाने भरायची असते. पण बाबा रे, मनातलं भरू नकोस.

६ मार्च
कॉलेजातल्या माझ्या जुन्या मैत्रिणीला नोकरीचं कळवलं. उत्तर नाही. नसू दे, माझं कुठे अडलंय! (फोन चौदा वेळा पाहिला.) माझ्याच बाइकवरून पडली, तेव्हापासून डावा पाय ओढते. तिचा भाऊ नको ते बोलला, मी कॉलेजच्या फाटकातच त्याच्या कानाखाली वाजवली. तिने बाजू घेतली त्याचीच. मग तिथे राहून काय त्याची आरती ओवाळायची?

११ मार्च
गाडी बंद, दालनात माझ्याशिवाय चिटपाखरू नाही, तरी कॉम्प्युटरच्या पडद्यावर बारीक हालचाल. मास्तर म्हणाले, पंखा असेल, गाळून टाक. आत पंखाच नाही! हट्टाला पेटलो. नाना अंदाज धरून पाहिले, एक जुळेना. शेवटी, जीव जळत होता म्हणून, तिची चाल भरली: एक पाऊल टाकलेलं, एक ओढलेलं.
चूक शून्य.

१२ मार्च
ती चाल माझ्याकडेच येतेय. अठरा मीटर. मास्तरांना बोललो नाही. सांगून हसं कशाला करून घेऊ? येऊ दे. माफी मागायचीच आहे.

१४ मार्च
तिचा फोन आला! पुन्हा मेसेज केलास तर याद राख, म्हणाली. पायाचं ऑपरेशन कधीच झालं, आता सरळ चालते, तुझी कीव नको, म्हणाली.
ती बोलत होती तेव्हाच पडद्यावर — एक टाकलेलं, एक ओढलेलं. पाच मीटर.

१५ मार्च
भरलेली चाल पुसली. पडदा स्वच्छ. मास्तर खूश. मग त्यांनीच विचारलं, फरशीवर हा लांब ओरखडा कुणी काढला —
डाव्या बाजूला. थेट माझ्या खुर्चीपर्यंत.

१६ मार्च
कामावर गेलो नाही. दालनात जे काही होतं, त्याला चालता येत नव्हतं. मी शिकवलं. मीच —

१७ मार्च
सकाळचे दहा. घराच्या जिन्यावर एक पाऊल. मग ओढत. चेहरा नसेल त्याला. मी अजून भरलेला नाही. तिचा चेहरा आठवायचा नाही. कडी वाजतेय. आठवायचा नाही. हसताना तिचे डोळे आधी बारीक व्हायचे, मग