पाव्हण्याचं लेकरू

आई, तुला जाऊन बारा वर्षं झाली, तरी आज तुझ्याशी भांडायचं आहे. मामानं पलटणीतनं रजेवर येताना माझ्यासाठी डोळे मिटणारी बाहुली आणली होती. मी सहा वर्षांची. उंब्रजच्या घरात पलूसचे पाहुणे बसलेत, त्यांची पोरगी बाहुलीसाठी भोकाड पसरते, आणि तू चुलीपुढनं उठून येतेस आणि माझ्या हातातनं ती काढून घेतेस. “दे की गं, पाव्हण्याचं लेकरू हाय.” बाहुली पलूसला गेली ती गेलीच. वर सगळ्यांदेखत म्हणालीस, “लय शानी हाय माझी बाय.” शहाणी कसली? आतल्या आत जळत होते मी. त्यानंतर घरात कुणाचं पोर आलं की मी खेळणी ज्वारीच्या पोत्यांमागं लपवायची आणि स्वतःही तिथंच बसायची. मग तूच आल्यागेल्याला सांगत सुटलीस, “घुमी हाय, कुनात मिसळत न्हाई.” मिसळणार कशी गं? येणारं प्रत्येक पोर मला लुटायलाच आलंय असं वाटायचं.

माझी लेक आता चार वर्षांची आहे. तिला नंबर लावायला मी शिकवलं, तेही पोळपाटावर. एक चपाती ती लाटते, एक मी. तिच्या चपातीचा नकाशा होतो, पण माझी लाटून होईपर्यंत ती लाटण्याला हात लावत नाही. परवा सांगलीहून नणंद आली. तिच्या पोरानं लेकीची तीनचाकी सायकल बघितली आणि अंगणात लोळणच घेतली. सासूबाई लगेच हँडल धरायला उठल्या. “उतर गं, पाव्हनं हाय ते.” मी मधे उभी राहिले. सासूबाईंना म्हणाले, “आवं आत्याबाई, ऱ्हाऊ दे. तिचा नंबर झाला की ती दील.” नणंदेनं कपबशी खाली ठेवली. लेकीनं अंगणाला दोन फेऱ्या मारल्या, उतरली आणि त्याला म्हणाली, “आता तुझा नंबर. मी ढकलते.” तो डोळे पुसून सायकलवर बसला.

दोन फेऱ्या, आई. तेवढंही तुला थांबता आलं नाही? तुझी सासू तिथं बसली होती, ठाऊक आहे मला. माझीही बसली होती. तुझी बाजू मी कितीदा स्वतःलाच समजावून सांगितली, पण राग काही जात नाही. हे कागद टपालपेटीत टाकायचे नाहीत, कुणाला दाखवायचे नाहीत, म्हणून खरं तेवढं लिहिते. अंगणात दोघं खिदळत होती, आणि आनंद व्हायच्या आधी मला माझ्याच लेकीचा हेवा वाटला.