धनी खाणारी तांबडी घोडी

तीर्थरूप मन्मथप्पादादांस धाकट्या बहिणीचं, उमाबाईचं, शरणार्थ. आमी इकडं खुशाल हाव. तुमचे गुडघे कसे हायेत, वहिनीचा खोकला गेला का, ते कळवावं. (लई लांब लिहू नये. मला एकेक अक्षर लावून वाचावं लागतं.)

तुमचा निरोप पोचला. विधवा बाईनं घोडी घिऊ नये, लोक हसतील, असं तुमचं म्हणणं. तुमी आष्टीत बसून दुनियेला घोडी विकता, आन् बहिणीला तेवढी मनाई! लोक तर मालक गेले तवापासून हसत्यात. आमचे दीर वैजिनाथभावजी तेराव्यापासून घराचे धनी होऊन बसलेत. गाडीबैल त्यांच्या दारात, माझ्या शेतातलं पीक त्यांच्या दारात, आन् विचारलं की म्हणणार, "वहिनी, बाईमाणसानं चुलीपाशी बसावं." मी बसत न्हाई. शेत लांब, पायी रेटंना, म्हणून घोडी घेतली. तुमाला विचारलं न्हाई, कारण तुमी न्हाईच म्हणला असता.

नेकनूरच्या बाजारात दोघं भाऊ ती विकायला उभे होते. तांबडी म्हणजे आयाळ-शेपूटसुद्धा तांबडी, वाळल्या मिरचीवानी. थोरल्यानं रीतीपरमाणं रुमाल पुढं केला. त्याच्या आड हातात हात घालून, बोटं दाबून भाव करायचा म्हणे. मी म्हणलं, "मेल्या, परक्या बाप्याचा हात धरायला मी काय बोहल्यावर उभी हाय? तोंडानं बोल." तो तोंडानं बोलला, साऱ्या बाजारानं ऐकलं, आन् लाजून लगीच भावात खाली उतरला.

एवढ्यात भावजी आले. (बोलावलं न्हवतं. सौदा मोडायलाच आलते.) घोडीभवती फिरले, छातीवर बोट ठिवलं आन् केकाटले, "भोवरा! वहिनी, छातीवर केसांचा भोवरा! असली घोडी वर्साच्या आत घराचा धनी खाती!" माणसं जमली. विकणाऱ्यांची तोंडं पडली. थोरला म्हणला, "बाई, न्यायची तर न्या, पर पाप आमच्यावर नको." मी लगाम हातात घेतला. माझा धनी कवाच गेला. आता ही माझ्या घरचं काय खाणार? कडबा!

मजा झाली दसऱ्याला. घोड्याची पूजा घराच्या धन्यानं करायची असती. मी आरतीचं ताट घिऊन सगळ्या गावासमोर हाक मारली, "या भावजी, धन्याचा मान तुमचा." माणूस पिठावानी पांढरा पडला. मागं सरत सरत पारावर चढले आन् तिथनं वरडले, "मी न्हाई धनी! धनी वहिनी! घर तिचं, शेत तिचं, घोडीबी तिचीच!" पाटलानं तेच त्यांच्याकडनं परत म्हणवून घेतलं. येत्या सोमवारी केजच्या तहशिलीत भावजी शेत माझ्या नावावर हाय म्हणून जबानी देणार. मुन्शीनं एकदा उर्दूत लिहून घेतलं की माघारी फिरता येत न्हाई.

तवा तुमचं ऐकलं न्हाई ते बेस झालं. हितून पुढंबी ऐकणार न्हाई. वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमची उमा

ता. क. मला घोडीवर बसता येत न्हाई, असं कुणी सांगितलं तर खोटं समजावं. बसता येतं. उतरता येत न्हाई.

आणखी ता. क. काल घोडी नदीवर न्हिऊन धुतली. (दसऱ्याला बाकीचं अंग धुतलं होतं, छातीला हात लावायला गडी धजंना.) भोवरा पाण्याबरूबर गेला. चिखल वाळून केस वळले होते, दुसरं कायबी न्हवतं. भावजींना अजून ठावं न्हाई, पर सोमवारी घोडी तहशिलीपुढंच बांधावी लागंल, आन् तिची छाती त्यांना दिसंल. घोड्याचे भोवरे लपवायचा डिंक तुमी व्यापारी लोक बाळगताच, मला ठावं हाय. त्याच डिंकानं एक भोवरा बसवून द्या. चांगला मोठा, लांबनं दिसंल असा. रविवारच्या आत निघून या. वर तुमचं ऐकणार न्हाई म्हणून लिवलंय, ते खोडत न्हाई. कागद खराब होतो.