कमलाकररावांच्या ताटातली मिटलेली शिंपली

नवीन पनवेल, सोमवार

चि. गोदूस थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे कसे हायत? माझे जिथं होते तिथंच आहेत, चालायचं काम काठीकडे दिलंय. पत्र नात लिहितेय. (अनुष्का माझे शब्द धुऊन पुसून लिहिते, कुठं वास राहिला तर तो माझा समज.) फोनच केला असता, पण तू स्पीकर लावतेस आणि सगळी आळी हुंकार देते. म्हणून उरणला येणाऱ्या शैलेशच्या टेम्पोतून कागद धाडतेय.

तर काल तुझ्या शेजारचे कमलाकरराव माझ्या नातवाला, निनादला, मुलगी द्यावी की नाही ते बघायला जेवायला आले. तू खाडीतून काढून पाठवलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या मी मिठाच्या पाण्यात ठेवल्या, रेती ओकवली, खोबरं लावून सुक्या केल्या. शिजूनही तोंड उघडत नाही ती शिंपली मेलेली, ती टाकायची, हे आईनं आपल्याला शिकवलंय (शाळेत घातलं नाही, पण हे शिकवलं). सगळ्या निवडल्या. तरी एक मिटलेली खोबऱ्याखाली दडली, आणि गेली नेमकी त्यांच्या ताटात. माणूस नोकरीपायी पुण्याहून उरणला आलेला, त्याला काय ठाऊक? यजमानाचं मन मोडू नये म्हणून त्यानं खिशातली किल्ली काढली, शिंपली उचकटली आणि खाल्ली. मला दिसत होतं गं. पण मुलीच्या बापाच्या तोंडचा घास कसा काढायचा? म्हणाले असते, म्हातारीचा एका शिंपलीत जीव अडकलाय. म्हणून मी जेवण उरकेपर्यंत नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, रंग पालटतो का म्हणून.

जाताना 'कळवतो' म्हणाले. अजून कळवलेलं नाही. एक तर मुलगी द्यायची नसेल, नाहीतर माणूस अंथरुणात असेल. दोन्हीकडून लग्न बुडालं. माझ्या घशाखाली चहा उतरत नाही. (अनुष्का म्हणते दोन कप उतरले. लिही बाई, तेही लिही.)

तुझी आक्का

ता. क. विरजण मागायच्या निमित्तानं त्यांच्याकडे जाऊन ये. बाहेर बसलेत का, तोंडावर तेज आहे का, बघ. शिंपलीचं नाव काढू नकोस; तिसऱ्या तुझ्या होत्या हे त्यांना ठाऊक आहे.

ता. क. आणखी एक. निनाद आत्ता सांगतो, सकाळी कमलाकररावांचा निरोप आला होता: 'आजी जेवणभर आमच्याकडे रोखून बघत होत्या, एकदाही हसल्या नाहीत. आमचं घर पसंत नसेल तर स्पष्ट सांगा.' म्हणजे नकार मीच दिला, तोही डोळ्यांनी. तर विरजण राहू दे. सरळ जा, सांग की आक्काला तुम्ही फार आवडलात. पण गोदू, निरोप सकाळचा आहे, त्यानंतर शिंपलीनं काय केलं ते ठाऊक नाही. आधी पोटाचं विचार, मग होकार सांग.