पदरातला फ्यूज

नागपूर
रविवार, १८ जून १९७८

सिंधूकाकी, तुमाले अन देवराव काकाजीले ताराचा जयभीम.

पमीनं पण हात हालवला असं समजा. आता ती भिंतीले धरून उभी राहते. वरचे दोन दात आले. परवा आपल्या खात्यातल्या जिजाबाईच्या बोटाले चावली, तं जिजाबाई म्हणे, पोरीले बापाचे, बळीरामाचेच दात आहेत, मुके पण कडक.

पत्र मीच लिहून राहिली. चौथीपर्यंतच शिकली, म्हणून अक्षर पाहून हासू नोका. तुमाले वाचता येत नाही हे मले माहीत आहे. काकाजीच वाचून दाखवतीन. तरी पत्र तुमच्याच नावानं लिहिलं. त्याईच्या नावानं लिहाले बसली होती, तं दोनदा कागद फाडला.

कळमेश्वरले भावाच्या घरी बरं वाटत असंन. त्याईचा खांदा कसा आहे? हाताच्या भाजल्याले खाज येते म्हणे, रुपराव सांगत होता. खाजवू देऊ नोका. खोबऱ्याचं तेल लावजा.

इकडच्या खबरा सांगते.

विद्यापीठाच्या आपल्या दुरुस्ती खात्यात लय बदल झाला. मारोतराव मिस्त्रीले रिटायर व्हाले सहा महिने राहिले, म्हणून तो आता दुप्पट चिल्लावते. रुपरावले पक्कं वायरमन केलं. काकाजीच्या शिडीवर आता तोच चढते, पण चढाच्या आधी शिडीले हात लावून कपाळाले लावते. मी पाहलं. त्याले वाटते कोणी पाहत नाही.

सगळ्याईले पिवळ्या टोप्या भेटल्या, लोखंडावानी कडक. जिजाबाई पहिल्याच दिवशी टोपीत वांगे घेऊन घरी गेली. मिस्त्री बोंबलला, तं म्हणे, "डोक्शात काही असंन तं टोपी घालू ना." सगळे हासले. मी पण हासली. लय दिवसानं हासली, अन मंग मले स्वतःचीच लाज वाटली.

रबराचे हातमोजे दोन जोड आले. आधी सगळ्या विद्यापीठात एकच जोड होता, तो हापिसच्या अलमारीत कुलपात राहे. आता बिजलीच्या बोर्डाच्या खोलीत खिळ्याले टांगून ठेवले. पेंटरनं भिंतीवर लाल अक्षरात लिहिलं, "प्रवाह बंद असल्याची खात्री केल्याशिवाय कामाला हात लावू नये." मी चार डाव वाचलं तवा समजलं. आता रोज वाचते. वाचाचं नसलं तरी डोळा तिकडंच जाते.

अन आता फ्यूज पदरात बांधाचा नाही. टिनाची लाल पेटी केली साहेबानं. वायरमन फ्यूज काढन, पेटीत ठेवन, कुलूप लावाचं. काम होऊन तो खाली येऊन सही करन तवाच पेटी उघडाची.

त्या पेटीची किल्ली माह्या गळ्यात आहे, काकी.

साहेबानं पंपाजवळच्या निंबाखाली सगळ्याईले उभं केलं. माळी, झाडूवाल्या, नळवाले, सगळे. मले पुढं बोलावलं. म्हणे, "ही बाई चार यत्ता शिकलेली. एवढा मोठा अपघात झाला, पण तिच्या पदराची गाठ सुटली नाही. जबाबदारी म्हणजे काय, हे हिच्याकडून शिका." मंग काळ्या धाग्यात ओवलेली किल्ली मले देली. सगळ्याईनं टाळ्या वाजवल्या. मी माह्या पायाकडं पाहत राहिली. मिस्त्री म्हणे, लाजते.

लाजतच होती मी.

तुमी रुपरावच्या हातानं पमीले झबलं पाठवलं, ते भेटलं. काकाजीच्या खाकी सदऱ्याचं शिवलं हे मले दिसल्याबरोबर समजलं, खिशाच्या शिलाईची खूण अजून आहे. तुमी निरोप पाठवला, तारीले म्हणा, तुनं आपलं काम चोख केलं, आमच्या म्हाताऱ्याचाच हात चुकला, तू मनाले लावून घेऊ नोको. झबलं मी पमीले घातलं नाही अजून. घडी करून ठेवलं आहे. काहून ते सांगते.

काकाजी, इथून पुढचं मनात वाचू नोका. काकीले ऐकू येईन असं वाचा. अन मधात थांबू नोका.

मले कामावर घेऊन पाच दिवस झाले असतीन तवाची गोष्ट. बळीराम काविळीनं जाऊन तवा वर्ष पण झालं नव्हतं. तुमीच मिस्त्रीच्या मांगं लागून मले रोजीवर लावलं. पोरीले घरी पाहाले कोणी नाही, तं तुमीच म्हणाले, "आण वं तिले. बोर्डाच्या खोलीत टेबलाखाली झोळी बांध. साहेब इकडं येत नाही, अन आला तं माही नात आहे म्हणून सांगीन." त्या दिवशी तुमी पहिल्यांदा फ्यूज काढून माह्या हातात देला होता. पांढरा, चिनी मातीचा, गरम. म्हणाले, "हे माही अमानत आहे, तारा. पदरात बांध. मी शिडीवरून उतरून, तुह्यासमोर उभा राहून, माह्या तोंडानं मांगीन तवाच गाठ सोडजो. मिस्त्रीनं मांगतला तरी नाही. साहेबानं मांगतला तरी नाही."

मी इचारलं, अन तुमीच मांगाले विसरले तं?

तुमी हासले. "तं घरी घेऊन जाजो. उद्या माह्या सिंधूजवळ आणून देजो."

मे महिन्याच्या अठरा तारखेले, आज बरोबर महिना झाला, तुमी खोलीबाहेर, रसायन विभागाच्या व्हरांड्यात दिव्याचा होल्डर बदलवाले गेले. दुपारचे दोन वाजले असतीन. तुमी दुसऱ्या नंबरचा फ्यूज काढला. बोर्डाच्या खोलीतला पंखा त्याच लाईनवर आहे, तो बंद झाला. तुमी जाता जाता खोक्याचा पुठ्ठा फाडून मले देला अन म्हणाले, "पोरीले वारा घाल. दहा मिनिटं लागतीन." मी फ्यूज पदरात बांधला.

मी वारा घातला. हात दुखेपर्यंत घातला. खोलीत पत्र्याची गरमी, पमीचं अंग तापलं होतं, तोंड लाल झालं होतं. दूध तोंडात घेये ना. आधी रडत होती, मंग रडणं बंद झालं. डोळे अर्धे उघडे. ती रडत होती तवर मी भेली नव्हती. चूप झाली तवा भेली. बळीराम पण असाच चूप झाला होता.

मी इथं असं लिहिणार होती की मले शिडी सरकल्याचा आवाज आला, मले वाटलं तुमी उतरले. कोणी इचारलं तं असंच सांगाचं, हे मी कवाचंच ठरवून ठेवलं होतं. पण तसा आवाज आला नव्हता. तुमी वरच आहा हे मले माहीत होतं. तुमी गुणगुणत होते, ते मले ऐकू येऊन राहिलं होतं.

मी पाण्याचा माठ आणाले जाऊ शकत होती. पोरीले उचलून निंबाखाली नेऊ शकत होती. व्हरांड्यात जाऊन, काकाजी, खाली उतरा, एवढं म्हणू शकत होती. तुमी उतरले असते. शिव्या पण देल्या नसत्या. हे सगळं मले आता सुचते. तवा पंखाच दिसत होता फक्त, डोक्शावर टांगलेला. मी म्हटलं, एक मिनिट. एका मिनिटात काय होते. त्याच मिनिटाले काकाजीचा हात तारेवर असंन असं थोडी आहे. अन मी गाठ सोडली, फ्यूज परत बोर्डात बसवला.

पंख्यानं तीन चक्कर घेतले असतीन. तुमचं गुणगुणणं बंद झालं. मंग शिडी पडली.

याच्याहून वाईट सांगाचं राहिलंच आहे.

मी बोर्डात हात घातला, फ्यूज ओढला, अन परत पदरात बांधला. तुमच्याकडं धावली नाही. आधी गाठ मारली. गाठ पक्की मारली. मंग वर पाहलं तं पंखा फिरूनच राहिला होता. भेवाच्या भरात मी बाजूचा, तिसऱ्या नंबरचा ओढला होता. बदलवाले हात उचलला, तेवढ्यात रुपराव आला अन त्यानं मेन बंद केला. जिजाबाई पमीले झोळीसकट उचलून घेऊन गेली.

साहेब आले. मले गाठ सोडाले लावली. बोर्डावर पाहलं, दुसरा जागेवर, तिसरा माह्या पदरात. म्हणाले, देवरावांनी चुकीचा फ्यूज काढला.  मले खोटं बोलाचं काम पण पडलं नाही. चूप राहिली तेवढंच पुरलं.

पण काकाजी, तुमाले मी खोटं बोलली. रामदासपेठेतल्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तुमी शुद्धीवर आले. काकी डबा घासाले नळावर गेल्या होत्या. तुमी मले जवळ बोलावलं अन इचारलं, "तारा, त्या दुपारचं मले काही आठवत नाही. मी तुले कोणता देला होता वं?"

मी म्हटलं, "तुमी देला तोच होता जी पदरात."

तुमी छताकडं पाहलं. मंग म्हणाले, "मंग म्हातारा झालो मी." अन भिंतीकडं तोंड केलं. तेवढ्यात काकी आल्या अन त्याईनं माह्या डोक्शावरून हात फिरवला. त्या हाताखाली मी उभी राहिली. तिथून पळाली पण नाही.

मागच्या आठवड्यात रुपराव तुमच्याकडून आला. सांगत होता, देवराव आता दिव्याचं बटन पण दाबत नाही. सिंधूले हाका मारते. आपल्या हाताकडं पाहत बसते, जसा काई दुसऱ्याचा हात आहे.  मी किल्ली मुठीत धरून ऐकत होती.

येत्या गुरुवारी कमेटी बसते. साहेबानं कागद लिहून ठेवला आहे, त्याच्यावर माही सही पाहिजे. चूक तुमची ठरली तं बावीस वर्षांच्या कामावर काळा शेरा, अन तुमाले घरी बसवतीन. सही मंगळवारी करते म्हणून मी टाळलं. साहेब म्हणाले, घाबरू नको, तुझं नाव चांगलंच लिहिलं आहे.

उद्या दहा वाजता साहेब येतीन. मी किल्ली त्याईच्या टेबलावर ठेवीन अन सगळं सांगीन, पंख्यापासून. हे पत्र आजच दुपारच्या गाडीनं रुपराव घेऊन येऊन राहिला. त्याले यातलं काही माहीत नाही. मी भेकड आहे, काकाजी. रोज सकाळी ठरवते आज सांगते, अन रोज पमीकडं पाहून चूप बसते. आता तुमाले समजलं म्हणजे मले उद्या चूप बसता येणार नाही. म्हणून साहेबाच्या आधी तुमाले.

काम तं जाईन. पोलीस नेतात का, ते मले माहीत नाही. नेलं तं पमीले कोण पाहीन हे पण माहीत नाही. जिजाबाईले अजून इचारलं नाही. तुमाले इचाराचं मले तोंड नाही, अन मी इचारून राहिली नाही, तसं समजू नोका.

माफी पण मांगत नाही. ते झबलं याच पुडक्यात वापस पाठवून राहिली. कोरंच आहे.

एकच ऐका. हे वाचून झालं की काकाजी, उठा अन घरातला दिवा तुमच्या हातानं लावा. भर दिवसा वाचत असाल तरी लावा. काकी, त्याईनं हाक मारली तरी तुमी उठू नोका. त्याईलेच उठू द्या. तुमचा हात चुकला नव्हता, काकाजी. तुमी बरोबर दोन नंबरचाच काढला होता. मी पाहलं होतं.

तुमची अमानत तुमी मांगाच्या आधी सोडली, ती

तारा