शेंदराखालचा घोडेस्वार

बाबा,

तुमच्या डहाणूच्या स्टुडिओत, डार्करूमच्या दारावर, मासिकातून कापलेलं एक चित्र डकवलेलं होतं. जंगलात उभा माया लोकांचा कोरीव दगड, आणि उंची कळावी म्हणून शेजारी उभा केलेला माणूस. ते पहिले फोटोवाले काचेच्या जड प्लेटा खेचरांवर लादून रानात शिरायचे, दगडावरचं शेवाळ घासून काढायचे आणि कोरीवकाम उठून दिसावं म्हणून तिरक्या उन्हाची वाट बघायचे, हे तुम्ही इतक्यांदा सांगितलंत की मी वैतागायचो. तुम्ही त्यांच्याकडून फक्त तिरकं ऊन उचललंत, घासणं नाही. उधव्याजवळच्या पाड्यावर घोडेस्वार कोरलेला वीरगळ होता, लोकांनी शेंदराचे थर चढवलेला. आईच्या कपाटाचा आरसा चादरीत गुंडाळून आपण एसटीने नेला. मी तो धरून दगडावर बाजूने ऊन पाडत उभा आहे, हात भरून आलाय, स्वाराचा चेहरा काही नीट दिसत नाही. मी नखाने शेंदूर खरवडायला गेलो आणि तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात, "हात काढ! देव आहे त्यांचा. आपण फक्त बघायला आलोय." फार लागलं होतं मला ते.

२०१७ साली एका पुस्तकासाठी मी पुन्हा तिथे गेलो. आभाळ भरलेलं, आरसा धरायला कोणी नाही, आणि मला घाई. पाड्यावरच्या म्हातारीला तुमचं नाव सांगून विचारलं, "मावशी, जरा साफ करू का?"

"कर ना. तुझा बापूस चांगला माणूस होता. तू पण त्याचाच."

तुमच्या पुण्याईवर मिळालेली परवानगी, बाबा. मी तारेच्या ब्रशने घासत सुटलो. शेंदराचा जाड पापुद्रा सुटला आणि त्याला चिकटून स्वाराचा चेहराही आला. दगड आतून भुसभुशीत झाला होता, शेंदरानेच तो धरून ठेवला होता.

"आता याला तोंड कुठून आणायचा?" म्हातारी एवढंच म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नंतर तुमच्या त्या दिवशीच्या निगेटिव्हवरून मोठी कृष्णधवल प्रिंट काढून तिला नेऊन दिली. तिने ती निरखून पाहिली. "हा तर काळा. आमचा देव लाल हाय." मग शेंदरात बोट बुडवून तिने फोटोतला चेहरा माखला आणि फोटो दगडाला टेकवून ठेवला. मला तिथे उभं राहवेना.

हे पत्र तुमच्या निगेटिव्हच्या डब्यात ठेवतोय. तो डबा माझ्याशिवाय कोणी उघडत नाही. शेवटी पुस्तकात तुम्ही काढलेलाच फोटो छापला. त्याखाली एक ओळ आहे, 'मूळ शिल्प ऊनपावसाने झिजले आहे.' ती मी लिहिली.