शेल्डनची चौकोनी भोकांची नाणी

प्रिय फ्लॉसी,

परवाच्या रविवारी तू गेल्यावर उरलेली नाणीही ओळखून ओळीने लावून झाली. आता डबा रिकामा आहे.

आमच्या पोराचं, शेल्डनचं सामान बोटीच्या कंपनीने घरी पाठवलं, तेव्हा त्यातला हा बिस्किटांचा डबा आम्ही कितीतरी महिने उघडलाच नव्हता. तुमच्या साखरपुड्यानंतरची ती त्याची पहिलीच सफर. डेकवरून समुद्रात पडला, शोधलं, सापडला नाही, एवढं कळवून कंपनी मोकळी झाली. ज्याला पुरलंच नाही त्याच्या वस्तूंना हात कसा लावायचा? शेवटी तूच एका दुपारी डबा उघडलास आणि चौकोनी भोकांची ती चिनी नाणी टेबलावर ओतलीस.

तुला वाटलं, मी उठून निघून जाईन. मी भिंग आणायला उठलो होतो. गोखिवऱ्याच्या फाउंड्रीत जन्म गेला माझा. ओतीव वस्तू हातात आली की बोट आपोआप कडेवर फिरतं. ही नाणी साच्यात ओतायची, मग चौकोनी सळईत ओवायची, म्हणजे फिरत नाहीत, आणि कडा कानशीने घासायच्या. अक्षरं मात्र मला कुठली कळायला! ती तू मोबाइलवर शोधायचीस. आधी वरचं वाचायचं, मग खालचं, मग उजवं, शेवटी डावं. वर-खाली बादशहाच्या कारकिर्दीचं नाव, पाठीवर टांकसाळीचं. दोन नकली निघाली. कडेला कानशीची खूणच नाही, सगळं गुळगुळीत. बंदरावर कुणीतरी आपल्या शेल्डनला गंडवलं होतं. तू हसता हसता रडायला लागलीस. मी ती दोन बाजूला ठेवली आणि पुढचं नाणं उचललं.

मला काही होतच नाही गं. जेवतो, वाडीत केळींना पाणी सोडतो, चर्चमध्ये मिस्साला जातो. तुझी क्लेमेंटीन आंटी मध्ये म्हणाली, "अरे, एकदा तरी रड की!" मी तिला विचारलं, चहा ठेवू का.

काल तुझी आई येऊन गेली. गिरीज गावच्या एका मुलाचं स्थळ आलंय, तो तुलाही आवडलाय, तरी तू नाही म्हणालीस. का, म्हणून तिने विचारलं तर तू म्हणे म्हणालीस, "रविवारी त्या दोघांकडे कोण जाणार?" हे ऐकून क्लेमेंटीन आत निघून गेली. मी ओट्यावर बसून राहिलो. तुझी आई कधी उठली ते कळलंही नाही.

म्हणून लिहितोय. बाळा, होकार दे. शेल्डन परत येणार नाही. हे अजून मी तोंडाने एकदाही बोललेलो नाही, तुलाच पहिल्यांदा लिहितोय. चर्चमध्ये तुझ्या लग्नाची सूचना वाचतील तेव्हा आम्ही दोघं पुढच्या बाकावर असू. लोक वळून बघतील, बघू देत. आणि या रविवारी एकटी येऊ नकोस. त्याला घेऊन ये. क्लेमेंटीन विचारत होती, त्याला मासे चालतात ना.

तुझाच,
फेबियन अंकल