उत्तरेची भिंत

विकफोल्ड, सफोक
१० मार्च १९३४

चि. अँब्रोज यास हेस्टरताईचे अनेक आशीर्वाद.

देवळाच्या उत्तरेच्या भिंतीला ओल आली, म्हणून पाद्रीबुवांनी माणूस लावला. चुन्याचे पापुद्रे काढता काढता आतून एक भलामोठा रंगवलेला पाय निघाला, भोवती मासे. चार दिवसांत अख्खा संत क्रिस्तोफर उभा राहिला, खांद्यावर बाळ येशू घेऊन! पाचशे वर्षांपूर्वीचा असावा म्हणतात.

बाबांची फजिती तू पाहायला हवी होतीस. गोल कमान नॉर्मनांची, बुरूज अर्धवट राहिला कारण गवंडी प्लेगात मेले, आणि उत्तरेच्या भिंतीत काही नाही, हे चाळीस वर्षं देवळाची देखभाल करताना ते पाहुण्यांना ठासून सांगत आले. त्या भिंतीवरचे चुन्याचे सात हात तर त्यांनी स्वतः दिलेले.

आता मुख्य. डॉक्टर म्हणतात, काही दिवसच. बाबांना ते ठाऊक आहे. जुने लोक दारासमोर हा संत काढायचे, कारण त्याला पाहिलं की त्या दिवशी मरण येत नाही, असं मानत. काल चाकाची खुर्ची मागवून ते पाहून आले. आज पुन्हा गेले. शक्य तितक्या लवकर ये.

तुझी,
हेस्टर

लिव्हरपूल, १४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

गोदीत रजेसाठी हातापाया पडलो, पण ईस्टरच्या सुट्टीआधी सुटका नाही. शनिवारी, ३१ तारखेला पोचतो. देवळातल्या बाकावर नाव कोरलं म्हणून मला बदडणारे बाबा स्वतः संताला चुना फासत होते, हे त्यांना जरूर ऐकव. आणि तोवर त्यांना रोज ने. मला भीती वाटते गं.

तुझा,
अँब्रोज

विकफोल्ड, ५ एप्रिल

चि. अँब्रोजला आशीर्वाद.

तार मिळाली असेलच. तरी सगळं सांगते, म्हणजे तुला चुटपुट राहणार नाही.

तू येईपर्यंत त्यांनी एक दिवस चुकवला नाही. गारा पडल्या तेव्हाही डोक्यावर घोंगडी घेऊन गेले. सोमवारी तुझी गाडी सुटली. मंगळवारी सकाळी मी खुर्ची दाराशी आणली, तर म्हणाले, "आज राहू दे, हेस्टर. अँब्रोज येऊन गेला ना." अर्धा कप चहा घेतला. दुपारी गेले. मी खूप रडले, मग भांडी घासली.

भिंतीचं काम संपलं. डाव्या कोपऱ्यात हातभर जुना चुना उरलाय, तोही खरवडू का, असं त्या माणसानं विचारलं. बाबांच्या हातचा आहे, तेवढा राहू द्या, म्हटलं.

पत्र टाकत जा. आता या घरात वाट पाहणारी मी एकटीच.

हेस्टर